मीटर अकरा हजारांवर, पट्टा बारा वर्षांचा

कोल्हापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. २०१३ ची डुकाटी मॉन्स्टर ७९५ जुनी घेतली आहे. मीटरवर ११,४०० किलोमीटर. आधीच्या मालकाकडे ती शेवटची तीन वर्षं बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी होती. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडमिट करवणारे दातांचे दोन पट्टे, कधी बदलले याची नोंद नाही. ओळखीच्या मेकॅनिकने कव्हर उघडून पाहिलं आणि 'बेल्ट एकदम नवा दिसतोय, वीस हजारांपर्यंत हात लावू नका' असं सांगितलं. तर बेल्ट बदलायचा का, आणि बदलायचा तर घरी जमेल का?

बाकीचं वाचायच्या आधी एक विनंती. बेल्ट बदलेपर्यंत स्टार्टरचं बटण दाबू नका. 'जरा चालू करून आवाज तरी ऐकू' म्हणूनसुद्धा नको, आणि गाडी ढकलून गिअरमध्ये टाकणं तर मुळीच नको. गाडी टेम्पोत घालून न्यायची वेळ आली तरी चालेल.

तुमच्या मेकॅनिकची नजर कच्ची आहे असं मी म्हणणार नाही. बेल्ट नवाच दिसत असणार. पण टायमिंग बेल्ट नजरेने नापास करता येतो, पास करता येत नाही. भेगा दिसल्या, कडा उसवलेल्या दिसल्या, तेल लागलेलं दिसलं तर तो गेलाच. पण काहीही दिसलं नाही म्हणजे तो चांगला आहे, असं नसतं. पंचवीस वर्षं पुण्यात गाड्या खोलतोय, त्यातली निम्मी वर्षं याच जातीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनांवर गेली, आणि हे एक वाक्य गिऱ्हाइकाला पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पटावं म्हणून पट्ट्याच्या पोटात काय असतं ते सांगतो. बाहेरून दिसतं ते काळं रबर. दातांवर नायलॉनच्या कापडाचं अस्तर. आणि रबराच्या आत, लांबीभर, काचतंतूंचे बारीक दोर. सगळी ओढ हे दोर सोसतात. रबराचं काम त्यांना धरून ठेवायचं आणि दातांना आकार द्यायचा. काचतंतू ओढीला जबरदस्त असतात, पण घडीला फार नाजूक. नवा पट्टा दुकानदाराने मुठीत दाबून पिशवीत कोंबला तर आतले दोर तुटू शकतात आणि वरून त्याची खूण राहत नाही. शिवाय रबराला वय असतं. इंजिनाची उष्णता, हवेतला ओझोन, यांनी ते हळूहळू कडक होतं, गाडी चालो वा न चालो. आणि तुमच्या गाडीत तर पट्ट्याचा एकच तुकडा तीन वर्षं त्याच रोलरला वळसा घालून बसला आहे. काढाल तेव्हा टेबलावर ठेवून बघा. नवा पट्टा सैल गोल पडतो. उभ्या गाडीतला जुना पट्टा रोलरच्या जागी वाकलेलाच राहतो, जसा बरीच वर्षं दोरीवर वाळत पडलेला चामड्याचा पट्टा.

आता या पट्ट्याकडून आपण काय मागतो ते बघा. इंजिन ६,००० आरपीएमवर असताना क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो शाफ्ट) सेकंदाला १०० फेरे घेतो आणि कॅम (व्हॉल्व्ह हलवणारा शाफ्ट, पट्टा ज्याला फिरवतो) ५०. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. तेवढ्या वेळा पट्ट्यावरची ओढ कमीजास्त होते. कडक झालेला दात हे सहन करत नाही, मुळापासून सोलून निघतो.

आपल्याकडे गडबड होते ती स्प्लेंडरच्या सवयीमुळे. स्प्लेंडरच्या इंजिनात टायमिंग चेन असते. ती तेलात चालते, आणि सैल झाली की थंड इंजिनात डाव्या बाजूने कटकट सुरू होते. चेन बोलते. महिनाभर बोलते, मग आपण टेन्शनर बघतो, चेन बदलतो. पट्टा बोलत नाही. शेवटच्या फेऱ्यापर्यंत तो गुपचूप चालतो. 'आवाज आला की बदलू' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आणि पट्टा गेला तर नुकसान साधं नाही. कॅम थांबतो, पिस्टन मात्र वेगात वरखाली होत राहतो. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह त्याच्या वाटेत येतो आणि वाकतो. या इंजिनात डेस्मो पद्धत आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला कॅम आणि मिटायलाही कॅमच, नेहमीच्या इंजिनासारखी जाड स्प्रिंग नाही. त्यावरून काहींचा समज होतो की डेस्मोत व्हॉल्व्ह पिस्टनला लागूच शकत नाही. उलट आहे. मिटवणारा कॅमच थांबला तर व्हॉल्व्हला परत ओढणारं कोणी उरत नाही.

एक प्रसंग मनातून जात नाही. अशीच बेल्टवाली दोन सिलिंडरची गाडी, एका तरुण डॉक्टरांची. दहा हजारही चालली नव्हती. पावसाळाभर झाकून ठेवलेली. दसऱ्याला पूजा करायची म्हणून बाहेर काढली, धुतली, बॅटरी चार्ज केली, हार घातला आणि बटण दाबलं. इंजिन दोन सेकंद चाललं, 'टक्' असा एक आवाज आला आणि बंद. नंतर स्टार्टर फिरवला तर तो लंगडत फिरत होता. एका सिलिंडरला कॉम्प्रेशन आहे आणि दुसऱ्याला नाही, हे त्या आवाजावरूनच कळतं. टेम्पोतून गाडी माझ्याकडे आली तेव्हा हार अजून हँडलवर होता. कव्हर काढलं तर खालच्या पुलीपाशी ओळीने दात सोललेले, खाली काळ्या रबराचा चुरा. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह काढून काचेवर गडगडवला. सरळ व्हॉल्व्हचं डोकं शांत फिरतं, याचं डुगडुगत होतं. उजेडासमोर धरून पाहिलं तर नुसत्या डोळ्याला वाक कळतही नव्हता. हेडचं काम, व्हॉल्व्ह, गाईड, गॅस्केट, परदेशातून सुटे भाग यायची वाट बघणं. दोन पट्ट्यांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला आणि गाडी संक्रांतीपर्यंत माझ्याकडेच राहिली. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. पट्ट्यालाही वय असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून किलोमीटरचा आकडा विसरा, वर्षं मोजा. जुन्या मॉडेलांच्या पुस्तिकांत मुदत दोन वर्षांची असायची. पुढे काही मॉडेलांना ती पाच वर्षांपर्यंत वाढवली. तुमच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते पाळा. नोंद नसलेल्या गाडीत पट्टा गाडीच्याच वयाचा धरायचा, आणि बारा वर्षं कुठल्याच पुस्तिकेत बसत नाहीत.

डुकाटीने पट्टा घेतला तो इंजिन सोपं करण्यासाठीच. त्याआधीच्या त्यांच्या इंजिनांत उभा शाफ्ट आणि तिरक्या दातांचे गिअर कॅम फिरवायचे. देखणी रचना, पण एकेक इंजिन पातळ चकत्या घालून हाताने जुळवावं लागायचं. डुकाटीचे इंजिनिअर फाबियो तालिओनी यांच्या पँटा ५०० या गाडीत, १९७९ साली, पट्टे आले. होंडाच्या गोल्ड विंगमध्ये ते १९७५ लाच होते. आणि दात असलेला हा पट्टा मुळात १९४० च्या दशकात शिलाई मशीनसाठी निघाला. सुई आणि खालचा हूक एकाच तालात चालावेत म्हणून. इथेही काम तेच आहे, सुईच्या जागी व्हॉल्व्ह आहे.

आता घरी जमेल का? टॉर्क रेंच असेल, आधी निदान एकदा चेन-स्प्रॉकेट किंवा क्लच प्लेट स्वतः बदलल्या असतील, आणि एक पूर्ण रविवार मोकळा असेल तर जमेल. ७९५ चं इंजिन हवेवर थंड होणारं, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आणि एकच कॅम. चार व्हॉल्व्हच्या इंजिनांपेक्षा हे खूप सोपं. हाताशी कोणी हवं असेल तर तुमच्या उद्यमनगरात माणसांची कमतरता नाही. लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग पाळणारा माणूस बेल्टच्या खुणाही नीट पाळतो. त्याने डुकाटी आधी पाहिलेली नसली तरी चालेल. फक्त 'अंदाजे बसवतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

पट्टे घेताना दोन्ही घ्या. एक बदलून दुसरा ठेवणं निरर्थक आहे. 'जुना स्टॉक, पण सीलबंद' अशी आठ वर्षं कपाटात पडलेली जोडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आल्यावर पाकिटात सैल गोल स्थितीतच ठेवा. खिळ्याला टांगायचा नाही, उलटा करून आतले दात बघायचे नाहीत.

कामाच्या आदल्या रात्रीपासून इंजिन थंड असलं पाहिजे. गाडी पॅडॉक स्टँडवर घ्या, बॅटरीची ऋण तार काढा. प्लगच्या भोवतीचा कचरा हवेने उडवून मग दोन्ही प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरेल. गाडी टॉप गिअरमध्ये घालून मागचं चाक पुढच्या दिशेनेच फिरवायचं. उलटं नाही.

पट्टे उजव्या बाजूला, काळ्या प्लास्टिकच्या कव्हरांखाली. त्यांचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे असतील असं धरू नका. मी एका पुठ्ठ्यावर कव्हरांचं ओबडधोबड चित्र काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचतो. पंचवीस वर्षं झाली, अजून पुठ्ठा लागतोच.

कव्हर निघालं की लगेच पट्ट्याकडे धावू नका. आधी कव्हराच्या आत बघा. काळा चुरा, खडे, उंदराने आणलेला कापूस. होय, पोर्चमध्ये तीन वर्षं उभ्या गाडीत उंदराचं घर मी पाहिलंय, आणि कुरतडलेला पट्टाही. मग कॅम पुलीच्या मागे बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर कॅमचं सील गळतंय. ते आधी बदला, नाहीतर नवा पट्टाही तेलाने फुगेल.

खुणा. सगळं काम इथे आहे. खाली एक शाफ्ट आहे, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणारा, आणि त्यावर शेजारी-शेजारी दोन पुली, प्रत्येक सिलिंडरच्या पट्ट्याला एक. या खालच्या पुलीवर एक बिंदू आहे, आणि दोन्ही कॅम पुलींवर एकेक. आडवा सिलिंडर (दोघांतला पुढे झोपलेला) कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे हवा दाबत पिस्टन अगदी वरच्या टोकाला, आला की तिन्ही बिंदू आपापल्या स्थिर खुणांसमोर येतात. बिंदू समोर न येता पार पलीकडे दिसले तर घाबरू नका, क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या.

तिन्ही जुळले की मोबाईलने फोटो काढा, अगदी समोरून, तिरका नाही. मग पांढरं नेलपॉलिश घ्या. प्रत्येक पुलीचा एक दात आणि त्याला भिडलेली पट्ट्याची पाठ, दोन्हीवर एकच रेघ ओढा. दोन्ही पट्ट्यांवर. वाळू द्या. आता गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, म्हणजे चाकाला चुकून धक्का लागला तरी क्रँक हलणार नाही.

प्रत्येक पट्ट्याला दोन रोलर आहेत, एक स्थिर आणि एक सरकता. सरकत्याचे बोल्ट सैल करा, पट्टा ढिला होईल. खालच्या जोडीतल्या बाहेरच्या पुलीवरचा पट्टा आधी काढावा लागतो, त्याशिवाय आतला निघत नाही. पट्टा निघताना एखादी कॅम पुली आतल्या स्प्रिंगमुळे झटका देऊन थोडी फिरू शकते, तेव्हा तिच्यावर हात ठेवून मगच शेवटचा दात सोडा. फिरलीच तर जवळच्या वाटेने हळू खुणेवर परत आणा. मध्ये काही अडलं तर जोर करायचा नाही. अडतंय ते व्हॉल्व्ह असू शकतं.

पट्टे हातात आले की जुना आणि नवा शेजारी ठेवा. जुन्यावरच्या दोन रेघांमधले दात मोजा, नव्यावर तेवढेच मोजून रेघा ओढा. दुसऱ्या माणसाला न सांगता मोजायला लावा. दोघांचा आकडा एक आला तरच पुढे. एका दाताचा फरक म्हणजे गाडी चालू होईल, पण ओढणार नाही. दोन-तीन दातांचा फरक म्हणजे पुन्हा व्हॉल्व्हच.

चारही रोलर बोटाने फिरवा. चांगला रोलर जड ग्रीसमधून फिरल्यासारखा शांत फिरतो आणि लगेच थांबतो. खरखर लागली, किंवा सायकलच्या चाकासारखा सुटा गरगरत राहिला, तर ग्रीस संपलंय. बदला. धुलाई सेंटरला कव्हरांवर प्रेशरने पाणी मारलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. बारा वर्षांच्या गाडीत मी रोलर न विचारता बदलायला सांगतो. रोलर जाम झाला तर नवा पट्टाही काही मिनिटांत जातो. पुलीचे दात कोरड्या फडक्याने पुसा, कडा धारदार झाल्यात का नखाने बघा. ग्रीस, सिलिकॉन, पट्ट्याला लावायचे स्प्रे, काहीही लावायचं नाही.

नवा पट्टा आतल्या पुलीपासून बसवायला सुरुवात करा. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. स्थिर रोलरची बाजू ओढून सरळ ठेवायची, सगळा ढिलेपणा सरकत्या रोलरच्या बाजूला गोळा करायचा. बोटांनीच बसतो. बसत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर तो पट्टा फेकून द्या, कारण दोर तिथेच तुटतात.

ताण किती द्यायचा, यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे हात 'घट्ट' कडे जातो. जास्त घट्ट पट्टा रोलरची आणि शाफ्टची बेअरिंगं खातो, स्वतःही लवकर जातो. सैल पट्टा पुलीच्या दातांवरून उडी मारतो. या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनांवर मी जुनी, साधी पद्धत वापरतो. स्थिर रोलर आणि पट्टा यांच्यामध्ये ५ मिलिमीटरची एलन की घसटत जायला हवी, ६ ची जाता कामा नये. आडव्या सिलिंडरचा पट्टा तो सिलिंडर टीडीसीवर असताना मोजायचा. मग टॉप गिअर घालून क्रँक २७० अंश पुढे फिरवला की उभा सिलिंडर टीडीसीवर येतो, तेव्हा त्याचा.

दुसरी पद्धत आवाजाची. पट्ट्याचा मोकळा भाग तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडायचा आणि मोबाईलमधल्या ट्यूनर ॲपवर किती हर्ट्झ येतात ते बघायचं. पुस्तिकेत तुमच्या मॉडेलपुढे जो आकडा आहे तोच घ्या, दुसऱ्या मॉडेलचा नको, कारण तारेची लांबी बदलली की सूर बदलतो. नव्या आणि वापरलेल्या पट्ट्याचे आकडेही वेगळे असतात. आणि हे सगळं थंड इंजिनावरच. गरम झालं की ॲल्युमिनियमचे सिलिंडर वाढतात, हेड वर सरकतं आणि पट्टा आपोआप ताणला जातो. गरम इंजिनावर बरोबर लावलेला ताण थंड झाल्यावर सैल निघतो.

रोलरचे बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्यावर. बोल्ट कसताना रोलर थोडा सरकतो, म्हणून कसल्यावर ताण पुन्हा मोजायचा. मला स्वतःला दोन-तीनदा सैल करून परत लावावं लागतं, तेव्हा पहिल्या वेळी नाही जमलं तर निराश होऊ नका.

मग प्लग बाहेरच ठेवून चाकाने क्रँकचे निदान चार पूर्ण फेरे द्या. कुठेही अडलं तर थांबा आणि कारण शोधा. तिन्ही बिंदू परत जुळले पाहिजेत. नेलपॉलिशच्या रेघा आता पुढे गेलेल्या दिसतील, त्यांचं काम झालं, आता फक्त बिंदू बघायचे. ताण शेवटचा एकदा तपासा. प्लग, कव्हर, बॅटरी. कव्हराचे स्क्रू प्लास्टिकमधून जातात, हलक्या हाताने.

आता बटण दाबा. तीन वर्षं उभी होती तेव्हा त्याआधी इंजिन ऑइल नवं आणि टाकीतलं शिळं पेट्रोल बाहेर, हे वेगळं सांगायला नको. पहिली दोन मिनिटं नुसती आयडलवर ठेवून उजव्या कव्हराशी कान न्या. बारीक हूऽऽ असा सूर आला तर पट्टा जास्त घट्ट आहे. फटफट आली तर सैल, किंवा कव्हराला घासतोय. काहीच नाही आलं तर पन्हाळ्यापर्यंत शांतपणे जाऊन या. साधारण हजार किलोमीटरनंतर एकदा थंड इंजिनावर ताण पुन्हा बघा. नवा पट्टा पुलीवर बसला की थोडा सैलावतो.

कव्हराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने तारीख आणि मीटरचा आकडा लिहा. तुमच्यानंतर ही गाडी जो घेईल त्याला तुमच्यासारखं विचारत बसावं लागणार नाही. आणि काढलेले दोन्ही जुने पट्टे कात्रीने मधोमध कापा, 'अडीअडचणीला असू देत' म्हणून गॅरेजमध्ये कोणी उचलून ठेवायच्या आत.